कवळीताईंचा डोंगर

कवळीताईंना हेवी मेटल आवडतं असं कुणाला सांगितलं, की समोरचा आधी त्यांच्या चष्म्याच्या साखळीकडे बघतो, मग त्यांच्या पायातल्या लोकरी मोज्यांकडे, आणि मग म्हणतो, "काहीतरीच काय!" त्यात त्या बिचाऱ्याची काही चूक नाही. ताईंचं ध्यानच तसं आहे. बोलणं हळू, चालणं हळू, पर्समध्ये कायम पेपरमिंटच्या गोळ्या. अशी बाई गिटारींच्या गडगडाटात मान डोलावत बसते, हे पटायचं कसं?

पण त्यांच्या कामाची खोली एकदा बघावी, मग पटतं. दातांच्या दवाखान्याच्या मागच्या अंगाला, जिन्याखाली, ताई लोकांच्या कवळ्या बनवतात. प्लास्टरचे साचे, मेण, गुलाबी हिरड्या, चिमट्याने एकेक करून बसवायचे दात. इथवर सगळं शांत असतं. मग येतं घासकाम. ग्राइंडर सुरू झाला की पलीकडे खुर्चीत बसलेला पेशंट डॉक्टरांचा हात धरतो, असा त्याचा आवाज. नोकरीच्या सुरुवातीला ताई रेडिओ लावायच्या. गोड गळ्याची, नाजूक गाणी. ग्राइंडरपुढे ती सगळी गपगार. ताईंच्या आधी तिथे काम करणारे म्हातारे गृहस्थ निवृत्त झाले तेव्हा आपला जुना टेपडेक आणि कॅसेटचं एक खोकं तिथेच ठेवून गेले. "एवढं ओझं आता कोण उचलणार, तुम्हीच ऐका," म्हणाले. ताईंनी हाताला लागली ती कॅसेट लावली, ग्राइंडर सुरू केला, आणि काय सांगावं, पहिल्यांदाच गाणं ग्राइंडरला पुरून उरलं! ग्राइंडर गाण्यातलंच एक वाद्य होऊन बसला. त्या दिवसापासून ताई मेटलच्या झाल्या त्या झाल्याच.

ती पहिली कॅसेट म्हणजे गरुडवाला अल्बम. कव्हरवर बंद पडलेला कारखाना आणि त्याच्या धुराड्यावर पंख मिटून बसलेला एक गरुड. बँडने एवढा एकच अल्बम काढला आणि मंडळी आपापल्या घरी गेली. पुढे ना कुणी त्यांना विचारलं, ना कुणी त्यांच्याबद्दल लिहिलं. ताईंचा मात्र त्या अल्बमवर जीव. "गिटार अशी सावकाश येते," त्या सांगायच्या, "की डोंगर जागचा हलतोय असं वाटतं. आणि तो गाणारा! विहिरीच्या तळातून बोलावल्यासारखा आवाज आहे त्याचा."

आता हे सांगायचं कुणाला, तर सलूनवाल्या मंडळींना. ताईंच्या दवाखान्यापासून दोन गल्ल्या सोडून एक सलून आहे. त्याचे मालक, सलूनवाले दादा, स्वतः मेटलचे पक्के भक्त. आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी शटर अर्धं पाडून तिथे बैठक भरते. दादा, बस चालवणारे ड्रायव्हरभाऊ, इस्पितळातली सिस्टर आणि कवळीताई, अशी चौकडी. दर बैठकीला एकाची पाळी. ज्याची पाळी त्याने जगाने न विचारलेला, धूळ खात पडलेला एखादा अल्बम आणायचा आणि बाकीच्यांनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा. मध्ये बोलायचं नाही, उठायचं नाही, फोन बघायचा नाही. संपला की ऐकणाऱ्या प्रत्येकाने आपलं मत सांगायचं. सगळ्यांचं "हो" आलं, तर अल्बमचं कव्हर आरशांच्या वर भिंतीवर लागणार. एकाचं जरी "नाही" आलं, तरी आणणाऱ्याने गुपचूप सगळ्यांना चहा पाजायचा.

यात एक नियम फार कडक होता. आपला अल्बम वाजत असताना आणणाऱ्याने सलूनमध्ये थांबायचं नाही. हा नियम ड्रायव्हरभाऊंच्या कृपेने आलेला. भाऊंनी एकदा एक अल्बम आणला आणि तो वाजत असताना असा काही चेहरा करून बसले, डोळ्यांत पाणी काय, छातीवर हात काय, की सगळ्यांनी नुसत्या दयेपोटी "हो" म्हटलं. आठवड्याने डोकं ठिकाणावर आल्यावर सिस्टर म्हणाली, "भाऊ, तो अल्बम म्हणजे बादली जिन्यावरून गडगडत गेल्यासारखा होता हो!" पण एकदा लागलेलं कव्हर काढायचं नाही हाही नियमच. ते अजून तिथेच आहे. तेव्हापासून आणणाऱ्याने समोरच्या लाँड्रीत जाऊन बसायचं असं ठरलं. तिथे धुलाईची यंत्रं एवढी घरघरतात की सलूनमधला आवाज ऐकू येण्याचा प्रश्नच नाही.

तर कवळीताईंनी त्या लाँड्रीतल्या बाकावर जेवढ्या दुपारी काढल्या, तेवढ्या लाँड्रीवालीनेही काढल्या नसतील. कारण ताईंचं एकही कव्हर भिंतीवर लागलं नाही. एकही नाही! दादांची लागली, भाऊंची लागली, सिस्टरचीसुद्धा लागली. ताई दर वेळी मोठ्या आशेने रस्ता ओलांडून परत यायच्या आणि तिघं खाली बघत बसलेले असायचे. गरुडवाला अल्बम तर त्यांनी आपल्या पहिल्याच पाळीला आणला होता, आणि लाँड्रीचा नियम तेव्हाही होताच. तेव्हा ड्रायव्हरभाऊ म्हणाले होते, "ताई, तुम्ही डोंगर हलणार म्हणालात, आम्ही दगड चुकवायच्या तयारीत बसलो, आणि निघाला उंदीर! तोही घाईत असलेला."

"घाईत? अहो, त्याच्याइतकं सावकाश या जगात काही नाही."

"ताई, तो गाणारा चिरकतो. शेपटीवर पाय पडल्यासारखा."

ताई रागावल्या नाहीत. आपल्या कामाच्या खोलीत जाऊन त्यांनी कॅसेट पुन्हा लावली, डोंगर पुन्हा हलला, आणि त्यांनी स्वतःशी ठरवून टाकलं की या लोकांना कानच नाहीत. तिकडे तिघांनी ठरवलं की ग्राइंडरने ताईंचे कान गेले. एकमेकांवर माया होती म्हणून कुणी कुणाला तसं बोलून दाखवलं नाही, एवढंच. भाऊंनी मात्र "काय ताई, आज उंदीर कुठल्या रंगाचा?" हे विचारणं कधी सोडलं नाही. गंमत म्हणजे दादांच्या भिंतीवर लागलेले अल्बम ताई कॅसेट मागून आणायच्या आणि आपल्या डेकवर ऐकायच्या, तेव्हा ते त्यांना सलूनमध्ये आवडले होते त्याहून कितीतरी जास्त आवडायचे. त्यांना वाटायचं, आपल्या खोलीची हवाच चांगली.

अशी वर्षं गेली, आणि भिंत भरत आली. मधल्या आरशाच्या वर एकच जागा उरली. दादांनी जाहीर केलं, "ही शेवटची. यानंतर नवीन कव्हर नाही, नाहीतर गिऱ्हाइकाला वाटेल दाढी करताना वरून काहीतरी डोक्यात पडणार." आणि पाळी होती कवळीताईंची. त्यांची हुकली की ड्रायव्हरभाऊंची, आणि भाऊंकडे अल्बम तयारच होता. ताईंनी त्या रिकाम्या जागेकडे बघितलं. एवढ्या भिंतीवर आपलं काहीच नसावं, हे त्यांना फार लागलं होतं. त्या म्हणाल्या, "मी गरुडच आणणार. पुन्हा."

"पुन्हा उंदीर?" भाऊ म्हणाले.

"पुन्हा," ताई म्हणाल्या.

आणि त्याच आठवड्यात, देव पावावा तो कोपला, डेक बंद पडला. आतला रबरी पट्टा तुटला. ताईंचं जेवणात लक्ष लागेना.

ताईंचे यजमान घड्याळं दुरुस्त करतात. सगळे त्यांना घड्याळजी म्हणतात. माणूस सरळ, पण यंत्राच्या बाबतीत एक नंबरचा हट्टी. पुढे पळणारं घड्याळ त्यांना खपतं, मागे राहणारं नाही. "पुढे पळणारा निदान गाडी तरी पकडतो," असं त्यांचं म्हणणं. आणि यंत्राबद्दल खोटं बोलणं त्यांच्या रक्तातच नाही. साडूने मोठ्या कौतुकाने दाखवलेलं नवं घड्याळ सगळ्या पाहुण्यांसमोर कानाला लावून "हे भंगार आहे" असं सांगणारा हा माणूस. बायकोच्या गाण्यांना ते "तुझं ते लोखंडी भांडण" म्हणत, आणि भांडण सुरू झालं की चपला घालून बाहेर पडत. पण बायकोचं तोंड उतरलेलं त्यांना बघवेना. त्यांनी तिला न सांगता डेक दुकानात नेला, उघडला, पुसला, नवा पट्टा घातला, तेल दिलं. आणि मग, घड्याळजीच ते, त्यांनी कॅसेटच्या कागदावर छापलेली वेळ वाचली आणि मनगटावरचं घड्याळ लावून कॅसेट तपासली. डेक मागे! पट्टा नवा असूनही चांगलाच मागे. आतला वेगाचा स्क्रू कुणीतरी कधीकाळी पिळून ठेवलेला. घड्याळजींनी तो फिरवून वेळेवर आणला आणि शीळ घालत डेक ताईंच्या खोलीत नेऊन ठेवला.

"लाव," ते म्हणाले. "आज मी बाहेर जात नाही. ऐकतो."

ताईंना भरून आलं. त्यांनी हात पुसले आणि गरुड लावला.

आणि आतून एक चिरका पोरगा घाईघाईने ओरडत सुटला.

"अहो, हे काय केलंत!" ताई किंचाळल्या. एरवी त्यांचा आवाज शेजारच्या खोलीत जात नाही, त्या दिवशी पेशंट उठून बसला. "माझ्या गाण्याचा गळा दाबलात तुम्ही!"

"मी? मी डेक दुरुस्त केला. माझ्या हातून गेलेलं यंत्र चुकत नाही."

"चुकत नाही? हा कोण ओरडतोय मग? माझा गाणारा कुठाय?"

"हाच तुझा गाणारा. आजवर तू त्याला ओढत नेत होतीस. हे बघ, कागदावर वेळ छापलीय. लाव घड्याळ आणि तूच बघ."

ताईंनी घड्याळ लावलं. बाजू संपेपर्यंत तो पोरगा ओरडत राहिला आणि छापलेल्या वेळेला बरोबर थांबला. ताई स्टुलावर बसल्या. आता त्यांना सगळं कळलं. सलूनमधल्या चांगल्या मशीनवर तिघांनी हाच पोरगा ऐकला होता. त्यांचे कान ठीक होते. आपण लाँड्रीत बसत राहिलो, म्हणून आपल्याला कधी कळलंच नाही. एवढी वर्षं ज्या अल्बमसाठी आपण भांडलो, तो अल्बम कुणी केलेलाच नव्हता. तो एका बिघडलेल्या डेकमध्ये होता, आणि तो डेकही आता सुधारला.

"चांगलं केलंत हो दुरुस्त," त्या म्हणाल्या. आणि त्यांना रडू आलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दादांना निरोप धाडला की माझी पाळी भाऊंना द्या. डेकवर कापड टाकलं. कवळ्या घासत बसल्या. घड्याळजी दुपारी डबा द्यायला आले तर खोलीत नुसता ग्राइंडर. गाणं नाही, मान डोलणं नाही. बायको खाली बघून दुसऱ्या कुणाच्या तरी दातांना चकाकी आणतेय. घड्याळजी डबा ठेवून दारात तसेच उभे राहिले. ज्या भांडणाला कंटाळून ते जन्मभर चपला घालत आले, ते आज नव्हतं, आणि त्यांना ती खोली खायला उठली.

"स्क्रूड्रायव्हर आहे का गं?" ते म्हणाले.

"कशाला?"

"आहे का सांग."

त्यांनी डेक उघडला, गरुड लावला आणि स्क्रूला टोक टेकवलं. टेकवून थांबले. हात पुढेच जाईना. मागे पडलेली घड्याळं पुढे आणण्यात हयात गेली होती. चालतं यंत्र मागे टाकायचं म्हणजे त्यांना चोरी केल्यासारखं वाटत होतं. कपाळावर घाम आला.

"थांबायचं कुठे ते तू सांग," ते म्हणाले. "मला नाही कळायचं."

स्क्रू जरासा फिरला. पोरगा जरा मोठा झाला.

"अजून मागे," ताई म्हणाल्या.

"अजून?"

"अजून."

"अगं, बंद पडेल ते!"

"नाही पडत. अजून थोडं. थोडं... अहो, थांबा! थांबा, तिथेच!"

खोलीत डोंगर हलला. विहिरीच्या तळातून आवाज आला. ताईंनी डोळे मिटले आणि मान डोलू लागली. घड्याळजींनी स्क्रूवर लाखेचा थेंब सोडला, जागचा हलू नये म्हणून. आणि कुणाला दिसू नये अशा बेताने कपाळ पुसलं.

बैठकीच्या दिवशी दोघं नवरा-बायको तो अवजड डेक दोन बाजूंनी धरून सलूनमध्ये हजर झाली. भाऊ आपला अल्बम काढून बसलेच होते. ताईंनी काही लपवलं नाही. डेक, पट्टा, स्क्रू, सगळं सांगितलं आणि आपली पाळी परत मागितली. ऐकताना भाऊ आधी हसायला लागले, मग खुर्चीचा दांडा धरून हसले, मग डोळे पुसत म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही डोंगरच ऐकत होतात, आणि आमच्या वाट्याला उंदीर!" मग मात्र ते सरळ झाले. "पण ताई, हसण्यावारी नेऊन नाही चालायचं. हा तो अल्बमच नव्हे. बँडने असा केलेला नाही. अशाने मीही उद्या माझी बादली उलटी वाजवून आणीन."

"आणा की! उलटी तरी बरी वाटेल," सिस्टर म्हणाली.

दादांनी हात वर केला. "आधी ऐकू. मग भांडू. ताई, नियम माहीत आहे ना?"

ताईंना माहीत होता. त्या लाँड्रीकडे निघाल्या. घड्याळजी मागोमाग निघाले, तर दादांनी त्यांना अडवलं. "तुम्ही बसा हो. मध्येच मशीन रुसलं तर आम्ही काय करणार?" घड्याळजींना चपला काढाव्या लागल्या. शटर खाली आलं.

लाँड्रीतल्या बाकावर ताई बसल्या. समोर कुणाच्या तरी चादरी गरगर फिरत होत्या. पेपरमिंट तोंडात टाकलं, तर चव लागेना. आजवर दर वेळी त्यांना खात्री असायची आणि दर वेळी ती खोटी ठरायची. आज खात्री नव्हतीच. तो आवाज जर त्यांनाही उंदीर वाटला, तर मग मशीनचं कारणही उरत नाही. मग आपलेच कान.

शटर वर गेलं. ताई रस्ता ओलांडून आत आल्या. तिघं खाली बघत बसले होते.

सिस्टरने आधी तोंड उघडलं. "रात्रपाळी करून आले होते, झोप येईल म्हणून घाबरले होते, आणि आता घरी जावंसंच वाटत नाहीये. हो."

दादा म्हणाले, "मी उंदीर म्हणालो होतो, तो शब्द मागे घेतो. हो."

"तुम्ही नाही, मी म्हणालो होतो," भाऊ म्हणाले. "शब्द माझा आहे, मागे मीच घेणार." त्यांनी नाक ओढलं. डोळे लाल होते, आणि या वेळी अल्बम काही त्यांचा नव्हता. "बँडला कळत नव्हतं आपण काय केलंय. ताईंना कळलं. हो! हो म्हणतोय, लिहून देऊ का?"

ताईंनी आनंदाने टाळी वाजवायला हात उचलले, तर दादा म्हणाले, "थांबा. नियम म्हणजे नियम. जो शेवटपर्यंत बसला, त्याचं मत घ्यायचं. साहेब, तुमचं?"

ताईंचे हात हवेत राहिले. सगळ्यांनी घड्याळजींकडे बघितलं. घड्याळजी मधल्या खुर्चीत, मानेला दाढीचा टॉवेल गुंडाळल्यासारखे ताठ बसले होते. या माणसाला मेटल सोसत नाही. हा माणूस यंत्राबद्दल खोटं बोलत नाही, बायकोसाठीसुद्धा नाही. ताईंना साडूचं घड्याळ आठवलं. झालं, त्या मनात म्हणाल्या. घरचा माणूसच आडवा येणार.

घड्याळजींनी घसा साफ केला. "यंत्र मागे चालतंय," ते म्हणाले. "हे मी आधीच सांगून ठेवतो."

दादांनी "पुढे?" अशी मानेनेच खूण केली.

"मागे चालतंय, आणि मी ते दुरुस्त करणार नाही. कुणी कितीही सांगितलं तरी नाही." ते खुर्चीतून उठले. "हो लिहा माझं."

भाऊंनी असा काही जल्लोष केला की लाँड्रीवाली दारात येऊन बघून गेली. दादांनी गरुडाचं छोटंसं, कडा झिजलेलं कव्हर चौकटीत घातलं आणि हातोडी ताईंच्या हातात दिली. जन्मभर चिमट्याने दात बसवणाऱ्या बाई, पण हातोडीची सवय नाही. त्यात डोळ्यांत पाणी. खिळा वाकडा बसला, कव्हर एका बाजूला कललं. सलूनमधल्या सगळ्यांना ते दिसलं. घड्याळजींना तर सर्वांत आधी दिसलं असणार. त्यांचा हात सवयीने वर गेला, चौकटीपर्यंत पोचला, आणि तिथून त्यांनी तो परत आणून खिशात घातला.